शीलाला काय झालं होतं

आळे,
२० फेब्रुवारी २००४

प्रिय शीला,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण दुसरा शब्द सुचला नाही. कांदा यंदा चांगला पोसलाय. म्हैस व्याली, पण कासेला कुणाचा हात लागू देत नाही. आई लाथा खाते.

तुझं डोकं दुखायला लागलं ते गेल्या वर्षीच्या कांदालावणीत. फाट्यावरचे डॉक्टर अर्धशिशी म्हणाले, पुण्यात मेंदूचा टीबी म्हणाले. दोन महिने त्या गोळ्या खाऊन तू आणखीच खंगलीस, तुला एकाचे दोन दिसू लागले. मग पाठीतलं पाणी पुन्हा काढलं, तेव्हा त्यात बुरशी सापडली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "ही बुरशी बहुतेक एड्सच्या रुग्णांत दिसते, म्हणून ती तपासणी करू. पण क्वचित धडधाकट माणसालाही होते. यांचं तसंच वाटतंय." मी पहिलंच वाक्य ऐकलं.

खाटेपाशी येऊन मी तुला विचारलं, "ही घाण कुठनं आणलीस?" तू उलटी आवरत नुसतं म्हणालीस, "काय म्हनता?" मी एसटी धरली. घरी आईला सांगितलं, आईनं भावकीला. चौथ्या दिवशी तुझ्या भिमाजीभाऊंचा फोन आला, की तपासणी आली, शीलाला तसलं काही नाही. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. गावात बोलून बसलो होतो, ते मागं घ्यायला जीभ उचलली नाही.

सहा आठवडे भाऊंनी एकट्यानं तुझी सलाईनं सांभाळली. त्या औषधानं तुला हुडहुडी भरून खाट हलायची आणि ते तुला धरून बसायचे, हे मला लोकांकडून कळलं. बुरशी गेली, पण तोवर तुझे डोळे गेले होते. तरीही मी आलो नाही.

परवा समजलं, भाऊंच्या हर्षालीची ठरलेली सोयरीक मोडली. भाऊंनी तुझा रिपोर्ट पुढं ठेवला, तर पावणे म्हणाले, "मंग नवऱ्यानं उगंच टाकली व्हय?" याचं उत्तर माझ्याशिवाय कोण देणार? हर्षाली, आत्याला हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. मोठ्यानं वाच, आणि भाऊंना हे पावण्यांकडे न्यायला सांग. बोलावलं तर मी चारचौघांत येऊन हेच सांगेन. शीला, परत ये म्हणायला मला तोंड नाही. होय, उगंच टाकली.

तुझा म्हणवून न घेता,
भरत