शेवंतीची हजेरी

बाळकुम, ठाणे
जानेवारी १९९७

प्रिय मालू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. लग्न ठरलं, मुलगा कारखान्यात कायम आहे, हे वाचून मी लगेच सगळ्या आळीला सांगून आले. घरी येऊन उरलेलं वाचलं. पत्रिका छापणारा खोळंबलाय, आईच्या नावाआधी सौ. घालू की कै., मावशी तूच सांग, असं लिहिलंयस. अगं, इतक्या वर्षांत हे मला तोंडावर कोणी विचारायला धजावलं नव्हतं. तू उघड्या कार्डावर विचारलंस. पोस्टमनने वाचलं असणारच, कार्ड देताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

तुला मार्थाबाई आठवते का? नगरकडची, चर्चच्या संस्थेतून यायची ती. आम्ही कोळणी बँकेत गेलो की तिथला माणूस नाकाला रुमाल लावायचा. ही बाई पडवीत आमच्या शेजारी मांडी घालून बसली. पाच बायकांनी एकमेकींची हमी घेऊन कर्ज काढायचं, दर गुरुवारी आमच्यातल्या लक्ष्मीच्या पडवीत जमायचं, आधी प्रार्थना आणि मग हप्ता. गावात बोंब उठली, बाटवणार म्हणून. बाई डोळे मिटून येशूला हाक मारायची, आम्ही डोळे मिटून एकवीरेला. तिला ते ठाऊक होतं, ती नुसती हसायची. तुझ्या आईने त्या पैशांतून बर्फाची पेटी घेतली आणि खोपटच्या डेपोसमोर बसायला लागली. पहिल्यांदा तिची मासळी दुपारपर्यंत ताजी राहिली. काय तोरा होता तिचा! गिऱ्हाइकाने भाव पाडला तर पेटीचं झाकणच लावून टाकायची.

बाईची हजेरीची रीत मात्र वेगळी होती. आपली हजेरी आपण द्यायची नाही, शेजारणीने द्यायची. हमी घेतलीत ना, मग ती कुठे आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यामुळे गुरुवारी निघताना आम्ही एकमेकींच्या दारात डोकावून यायचो. तुझ्या आईची, शेवंतीची, हजेरी मी द्यायची आणि लक्ष्मीची शेवंतीने. ती "लक्ष्मी हाय" म्हणताना शेवट असा लांबवायची की बाईलासुद्धा हसू यायचं.

एका बुधवारी ओहोटीला तुझी आई चिंबोऱ्या धरायला खाडीतल्या तिवरांच्या झाडीत शिरली. मी तिला वरून हाक मारली, तिने हात हलवला. भरती आली, ती आली नाही. तिवराच्या मुळांत टोपली सापडली, बाकी काहीच नाही. गावातले पुरुष होड्या घेऊन फिरले. मार्थाबाई साडी खोचून गुडघाभर चिखलात उतरली, तिला दोघांनी ओढून बाहेर काढलं. आठवड्याच्या आत कोणीतरी पुडी सोडली, शेवंती कर्ज बुडवून पळाली, कल्याणला दिसली.

पुढच्या गुरुवारी बाईने नेहमीसारखी नावं घेतली. "शेवंती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाय." सवयीने गेलं. बाकीच्या तिघी माझ्याकडे बघत राहिल्या. पण शब्द परत कसा घेऊ? नाही म्हटलं म्हणजे ती एकतर बुडाली किंवा पळाली, आणि ह्यातलं एकही मला म्हणायचं नव्हतं. बाईने पुढचं नाव घेतलं. शेवंतीचे हप्ते आम्ही चौघींनी भरले, कधीच फिटले. नंतर नवी कर्जं निघाली, लक्ष्मीची पोरं मोठी झाली, खाडीला मासळी उरली नाही आणि आपल्या शेतांवर बिल्डिंगी आल्या. बाई अजून तिचं नाव घेते आणि मी अजून दर गुरुवारी "हाय" म्हणते. तिची जागा आम्ही सोडून बसतो. कधीकधी तिथून ओल्या चिखलाचा वास येतो, मालू. खाडीकाठचं गाव आहे, वास कुठूनही येईल, हे मलाही कळतं. तरी मी तिकडे बघत नाही.

आता तुला कोणी न सांगितलेलं सांगते. तू सात वर्षांची होतीस. तेव्हा लक्ष्मीची हजेरी द्यायला कोणी नव्हतं, बाई नुसती तिच्याकडे बघून पुढे जायची. एका गुरुवारी तू येऊन आईच्या जागेवर बसलीस. लक्ष्मीचं नाव आलं आणि "लक्ष्मी हाय" असा आवाज उठला. शेवंतीचा आवाज, शेवटाला तसाच लांबवलेला. लेकरू आईची नक्कल करतं, हे आज मी म्हणू शकते. त्या दिवशी मी शेवंतीला शोधत दाराकडे वळले. लक्ष्मी किंचाळत आत पळाली. तुझ्या आजीने ठरवून टाकलं की आई पोरीच्या अंगात आली, भगताकडे नेऊन चटके द्यायचे. मार्थाबाईने तिच्या पाया पडून विनवलं, आजी ऐकेना. सकाळी तुझ्या बापाने, दामाजीने, तुला उचललं आणि खडवलीला आत्याच्या पदरात घातलं. बापाने टाकलं, असं तू आत्याला म्हणतेस ते माझ्या कानावर आलंय. टाकलं नाही गं, वाचवलं. तिथे तो फारसा आला नाही, कारण तू तोंड उघडलंस की त्याला ती ऐकू यायची.

आणि त्याने तिचे दिवसही घातले नाहीत. कल्याणच्या बाजारात जाऊन बायकांचे चेहरे बघत उभा राहतो. मी एकदा चिडून बोलले, तर म्हणाला, "पळाली असंल तर पळूं दे, पन जित्ती असूं दे."

मांडव बाळकुमलाच घालायचा हे त्याने आत्याला कळवलंय. काल धवलारीण विमलाबाई घरी आली होती. हळदीला ती गाण्यातून देवांना आणि आपल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन आमंत्रण देते, तू लहानपणी ऐकलं असशील. तिने विचारलं, शेवंतीला बोलवू का? जित्या माणसाला त्या गाण्यात हाक मारत नाहीत. मी तिला मग सांगते म्हटलं, रडले, आणि आज हे लिहायला बसले. मालू, पत्रिकेवाल्याला थांबव आणि येत्या गुरुवारी इथे ये. माझ्या शेजारी बस. बाई आईचं नाव घेईल तेव्हा मी गप्प राहीन. आम्ही तिच्या हमीदार, आमच्या तोंडून "नाय" निघणार नाही. ते तुझं तू म्हण. दामाजीला मी हे सांगितलं. आज किती दिवसांनी दाढी करून आलाय, गुरुवारी कुठल्या वेळेला म्हणून विचारत होता. एकदा तू "नाय" म्हण, पोरी, म्हणजे तुझी आई तुझ्या हळदीला येईल.

वाट बघणारी तुझीच,
मंजुळामावशी