दुसरी फाइल

३ मार्च
आजपासून चिडायचं नाही आणि डिसेक्टर हा माझा प्रोग्रॅम लिहून संपवायचा. बायकोला समजावलं: आमच्या ग्राहकांची यंत्रं आपसांत बोलतात, ते फाइलमध्ये नोंदलं जातं, आणि माझा प्रोग्रॅम फाइल उघडून कोण काय बोललं ते दाखवतो. म्हणाली, म्हणजे चोरून ऐकणं. सोडून दिलं.
टीमलीडची जागा रिकामी आहे. बड्या ग्राहकापुढचा डेमो नीट झाला की ती माझी, असं साहेब म्हणाले. तोंडाने म्हणाले नाहीत, पण चेहरा तसाच होता.

५ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी कोड वाचला. विचारलं कोणी होतं? म्हणाल्या, एका फाइलमधलं लक्षात ठेवलेलं ती बंद होताच पुसायला हवं, नाहीतर दुसऱ्या फाइलमध्ये मिसळेल. मी म्हणालो, स्मरणशक्ती हा गुण आहे. हसल्या नाहीत. जळतात.

७ मार्च, सकाळी
करून पाहिलं. मिसळतं. किंचित.
उपाय सापडला. दुसरी फाइल उघडण्याआधी प्रोग्रॅमच बंद करून पुन्हा चालू करायचा. सुंठीवाचून खोकला गेला.

१० मार्च
चैन पडेना, म्हणून पुसायचा कोड लिहायला बसलो. नको ते पुसलं गेलं, प्रोग्रॅम कोसळला. पुन्हा लिहिला, पुन्हा कोसळला. डेमोच्या तोंडावर असले उद्योग नकोत. मॅडम म्हणाल्या, मी करून देऊ का? कशाला? उद्या त्याच लीड व्हायच्या.
जेवणात लक्ष नव्हतं. पाण्याचा ग्लास लवंडला. बायकोवर चिडलो.

१२ मार्च
डेमो झाला.
धाकधूक होती म्हणून सकाळी दुसऱ्या एका ग्राहकाच्या फाइलवर सराव केला होता. मग ती बंद केली. फाइल. प्रोग्रॅम नाही.
बड्या ग्राहकाची फाइल उघडली. पडद्यावरचं एक नाव वाचून ते म्हणाले, हे यंत्र आमचं नाही, हे तर आमच्या प्रतिस्पर्ध्याचं. मग म्हणाले, म्हणजे उद्या आमचंही त्यांना दाखवाल? मी म्हणालो, मध्ये बंद करून चालू केलं तर नाही दिसणार. साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ग्राहक चहा न घेता गेले.

१४ मार्च
मॅडमनी पुसायचा कोड लिहिला, ग्राहकाला स्वतः जाऊन दाखवला. लीड त्याच.
माझ्यावर नवी जबाबदारी आली आहे. दिवसभर एक फाइल उघडायची, बंद करायची, दुसरी उघडायची, आणि पहिलीतलं काही उरलं नाही ना ते पाहायचं. असलं काम ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत, असं बायकोला सांगितलं. तिने विचारलं, आधी कोण करायचं? म्हणालो, कोणीच नाही. आधी तशी गरज पडली नव्हती.