सोडून ठेवलेली तार

२९ डिसेंबर १९६०
गुरुवार, रेडिओचं दुकान बंद. सकाळच्या मोटारीनं तेर. हमीदचं विमान आज पहिल्यांदा जवळून बघितलं. लाकूड, कापड, खळ आणि हट्ट. इंजिन मात्र खरं, हैद्राबादेच्या भंगारातलं. तिथल्या फ्लाइंग क्लबात आठ वर्षं मिस्त्री होता, तेव्हा इंजिनाची चिंता नाही. चिंता रेडिओची, आणि ती माझ्या गळ्यात.
सेट लष्करी लिलावातला. इंजिन बंद असताना छान बोलतो. सुरू केलं की कानात नुसतं टर्रर्र. ह. म्हणाला, "दत्तू, तुझा रेडिओ बेडूक गिळून आलाय." म्हटलं, बेडूक तुझ्या इंजिनात आहे, मी फक्त ऐकवतोय.
दिल्लीचा परवाना आला की हैद्राबादेला उडत जाणार म्हणे, नि खाली विमानतळावरच्या माणसांशी बोलल्याशिवाय उतरणार नाही. तोवर माळावर नुसतं पळवायचं.

५ जानेवारी १९६१
तेर. जनरेटरचा पट्टा काढून इंजिन चालवलं. आवाज तसाच. म्हणजे जनरेटर निर्दोष. एरियल काढली, आवाज जवळजवळ गेला. वेग वाढवला की टर्रर्र दाट होतं. चोर सापडला, ठिणग्यांच्या तारा. त्यांना तांब्याच्या जाळीचं आवरण घालायचं, नि जाळी जमिनीला जोडायची.
आता जमीन कुठली? घरच्या रेडिओला आपण खड्डा खणतो, मीठ-कोळसा घालतो, वर रोज तांब्याभर पाणी. ह. हसला. "जमीन असती तर इमान कशाला बांधलं असतं?" शेवटी इंजिनाचं अंग हीच जमीन धरली.
ह.ची एक खोड. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हात लावायच्या आधी स्विच बघून मोठ्यानं म्हणतो, "स्विच बंद!" भोवती चिटपाखरू नसलं तरी. म्हटलं, कुणाला सांगतोस? म्हणाला, "माझ्या हाताला सांगतो."

१२ जाने.
तेर. ठिणग्यांच्या चारी तारांना जाळी घातली. टर्रर्र निम्मं. भाभींनी, म्हणजे ह.च्या बायकोनं, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी केलेली. कानाला हेडफोन लावून बघितलं तर म्हणाल्या, "दत्तूभाई, ह्यात तर मूग भाजल्यासारखं वाजतंय." खरंच तसंच वाजतं.
उरला एकच संशय. मॅग्नेटोपासून, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रापासून, बैठकीतल्या स्विचपर्यंत जाणारी लांब तार. चांगली पाच हात. ती स्वतःच एरियल झालीय. तिलाही जाळी.

१९ जाने.
तेर. ह. स्टेशनावर पार्सल आणायला गेला. मी ती स्विचची तार मॅग्नेटोकडून सोडवली नि जाळी ओवायला घेतली. हातभर कमी पडली. माझंच माप चुकलं, दुसऱ्या कुणाचं असतं तर दिवसभर बोललो असतो. तेवढ्यात परतीच्या मोटारीचा हॉर्न. तारेच्या टोकाला काळी पट्टी नीट गुंडाळली आणि पळालो. ज्यांच्याकडं रेडिओ शिकलो त्या उस्तादांचा नियम, काम अर्धवट ठेवायचं तर तार सोडून ठेवावी. सुटी तार म्हणजे मेलेली तार, कुणाला धोका नाही.
वाटेत ह. दिसला, खिडकीतून ओरडलो, "जाळी संपली! रविवारी येतो!" त्यानं हात केला.

२० जाने.
दुपारी तेरच्या मोटारीचा कंडक्टर दुकानात. "तुमच्या दोस्ताला दवाखान्यात आणलंय. पंख्यानं मारलं."
गेलो. उजवा हात. कोपराच्या खाली काही राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले जीव वाचला हेच खूप.
सकाळी थंडीनं इंजिन आखडलेलं, म्हणून नुसतं मोकळं करायला हातानं पंखा फिरवत होता. इंजिन धडाडून सुरू झालं.
हमीदचे वडील, चाचा, भिंतीला टेकून बसलेले. "म्या धावलो. चढलो. स्विचची दांडी वर केली, खाली केली, वर केली. थांबंना. तेल सरलं तवा थांबलं बघा." मी "हो, हो" म्हणत होतो. काही कळत नव्हतं.

२१ जाने.
चाचा म्हणाले विमान झाकून येऊ, माणसं बघायला गर्दी करतायत. त्यांच्याबरोबर तेर. चाचा ताडपत्री आणायला घरात गेले. मी इंजिनापाशी.
माझी काळी पट्टी.
तिथंच कळलं. उभ्या उभ्या. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो स्वतःच वीज करतो. स्विच बंद करणं म्हणजे त्या तारेतून त्याची वीज जमिनीला सोडून देणं. ती तार सुटली तर स्विच वर करा नाही तर खाली करा, इंजिन जिवंतच. घरात तार सोडली की मरते. इथं उलटं. चाचांची दांडी म्हणून चालली नाही.
मी काय केलं ते लिहितो. पट्टी काढली, तार जागेवर बसवली, स्क्रू आवळला. विचार करून केलं असं नाही. पण स्क्रू दोनदा आवळून बघितला, हे खरं. चाचा आले तेव्हा मी ताडपत्रीचं टोक धरायला पुढं झालो.

२४ जाने.
हैद्राबादेहून ह.चे जुने साहेब आले. मला घेऊन तेर. स्विच तपासला, तार तपासली, दिवा लावून बघितला. सगळं ठीक. माझ्या जाळीचं कौतुक केलं, हात स्वच्छ आहे म्हणाले.
परतताना म्हणाले, स्विच चालू राहिला. चांगल्या चांगल्या मिस्त्रींचं होतं. आणि चाचांनी घाईत दांडी इतक्यांदा हलवलेली, की आधी ती कुठं होती हे देवालाही सांगता येणार नाही.
मला सांगता येत होतं. त्यांना मोटारीत बसवून दिलं.

२ फेब्रुवारी
ह. शुद्धीवर येऊन बरेच दिवस झाले. आज पहिल्यांदा नीट बोलला. "दत्तू, म्या म्हणलो होतो का रे, स्विच बंद? मला तर म्हणल्यागत वाटतंय. पर म्हणलो असतो तर सुरू कसं झालं असतं?"
मी म्हणालो, "जाऊ दे हमीद. होतं असं माणसाकडून."
हे वाक्य माझ्याच तोंडून आलं. कागदावर आणखी वाईट दिसतंय.

९ फेब्रु.
बायको, कमल, म्हणते, जेवणात लक्ष नाही, काय झालंय? म्हटलं, मित्राचा हात गेला, आणखी काय व्हायचं? उगाच तिच्यावर खेकसलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.
काल दुकानात एका गिऱ्हाइकाचा सेट उघडला नि तार सोडली. मग तासभर तिच्याकडे बघत बसलो. गिऱ्हाईक म्हणालं, लई अवघड हाय का? म्हटलं, होय.

२ मार्च
ह. घरी आलाय. तेरला गेलो. रोजे चालू आहेत. डाव्या हातानं कंदील लावायला शिकतोय, काडी दातात धरून. मला मदत करू देत नाही.
भाभी बाहेर सोडायला आल्या. "दत्तूभाई, ह्यांना तुम्हीच समजवा. दाराची कडी लावली का, दहा बार उठून बघतात. चूल इझली का, मला इचारतात, मग सोता बघतात, मग पुन्हा इचारतात. नमाजात किती रकाती झाल्या इसरलो म्हणून पहिल्यापासून पढतात. आता तर मोठ्यानं मोजतात."
हात गेला तो गेला. पण हे मी रोज चालू ठेवलंय. मी एक वाक्य बोललो की थांबेल. मोटार येईपर्यंत स्टँडवर हेच घोळत होतं. मोटार आली, बसलो.

२३ मार्च
ईद झाली. शीरखुर्म्याचा डबा भाभींनी माझ्यासाठी ठेवलेला. चाचा ह.च्या देखत म्हणाले, "ल्हानपणापास्नं इसरभोळाच हाय ह्यो. शाळेत पाटी इसरायचा." ह. खाली मान घालून हसला. पूर्वी चाचांना असं उलट बोलला असता की बघत राहावं. मी डबा अर्धाच ठेवला. भाभींना वाटलं गोड जास्त झालं.
चाचांना काय दोष द्यायचा. त्यांना मुलाच्या नशिबाला काहीतरी कारण हवंय, आणि मी दिलेलं तेवढंच त्यांच्याकडं आहे.

१३ एप्रिल
विमानाचं कापड उंदरांनी खाल्लंय. ह. तिकडं फिरकत नाही. म्हणाला, "इकून टाकू." बरं झालं असं क्षणभर वाटलं. म्हणजे तार जाईल. किती नीच माणूस आहे मी, हे मलाही नव्यानं कळतंय.
बोलायला तोंड उघडलं होतं. उघडून म्हणालो, ऊन फार झालंय.

४ मे
हैद्राबादेच्या साहेबांचं पत्र. क्लबात नवीन मिस्त्र्यांना शिकवायला माणूस हवा. दोन हात लागत नाहीत, डोकं लागतं, आणि तुझ्यासारखं डोकं दुसरं नाही, असं लिहिलंय. महिनाअखेर कळव.
चाचा खूश. भाभींनी मला बाजूला घेऊन रडून घेतलं. आनंदानंच. मग ह. म्हणाला, "न्हाय जाणार म्या."
का?
"जो सोता स्विच इसरला, त्यानं पोरांना काय शिकवायचं? उद्या माझ्या शिकवण्यानं कुणाचा हात गेला तर?"
चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकतो त्यो."
आता पळवाट नाही. परतताना ठरवलं. पुढल्या गुरुवारी. आजच का नाही? भित्रा आहे म्हणून.

११ मे
सांगितलं.
चाचा शेतावर होते, भाभी आत. लिंबाखाली बाज. मी म्हणालो, हमीद, स्विच बंद होता. तू बंद केला होतास. मग सगळं. जाळी कमी पडली तिथपासून. काळी पट्टी. तार सुटी म्हणजे मेलेली हा माझा दुकानदारी समज. आणि दुसऱ्या दिवशी मी ती परत जोडली ते.
त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पक्कं? बंद होता?"
म्हटलं, पक्कं. चालू असता तरी सुरू झालं असतं आणि बंद असता तरी. पण तू विसरणारा नाहीस. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.
त्याच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी मोकळं झालं. खरं सांगतो, मी सुटलो असं वाटलं मला. वाटलं, आता हा शिव्या देईल, आणि मग भाकरी खायला बसू.
शिव्या दिल्या नाहीत. शांतपणे म्हणाला, "तार ऱ्हायली, ऱ्हाऊ दे. तार कुणाकडून बी ऱ्हाती. म्या बी इचारायला पायजे होतं, काय काय सोडलंस म्हणून. पर दत्तू, तू ती पुन्हा जोडलीस. अन् चार महिने हर गुरुवारी इथं माझ्यासमोर बसून म्हणलास, होतं असं माणसाकडून."
मी काही बोललो असेन. आठवत नाही.
"म्या येडा होतोय असं वाटत होतं मला," तो म्हणाला. "रात न्हाय दिवस न्हाय. बायकोला बी तेच वाटत होतं. अन् तुला ठावं होतं."
उठून आत गेला. कडी लागल्याचा आवाज आला. एकदाच. परत येऊन बघितली नाही.
भाभी बाहेर आल्या नाहीत. मोटारीला दीड तास होता. रस्त्याकडेला उभा राहिलो.

१४ मे
दुकानात चाचा आले. उभेच राहिले, बसा म्हटलं तरी. म्हणाले, "त्यानं मला सांगितलं." नंतर थोडा वेळ समोरच्या सेटांकडं बघत होते. "म्या पोराला सगळ्यांपुढं इसरभोळा म्हणलो. ईदीच्या दिवसांत." मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकले. रागावून नाही. म्हाताऱ्या माणसाला कळत नव्हतं काय करावं, मलाही नव्हतं. हैद्राबादेला जाणार का तो, विचारलं. "काय बी बोलत न्हाय. इमानापाशी जाऊन बसतो सकाळपास्नं." आणि गेले.

१७ मे
तेरकडून काही निरोप नाही. कंडक्टरला विचारलं, म्हणाला, दिसला नाही. साहेबांना होय म्हणून कळवायला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, दोन आठवडे. त्यानं कळवलं की नाही, मला कोण सांगणार? मी तिथला कुणी राहिलेलो नाही.
कमलला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी सांगायला हवं होतं. मला, की त्यांना, हे मी विचारलं नाही.
उद्या गुरुवार. ती आत्ताच विचारून गेली, "अहो, सकाळी डबा करू का तेरला न्यायला?"
सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.