ओट्याची फरशी

आबा,

आज एका गिऱ्हाइकाशी बोलताना तुम्ही आठवलात. त्याला त्याच्या आईसाठी पांढरीशुभ्र, चेहरा दिसेल अशी फरशी हवी आहे. घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा, आणि मी त्याला खरखरीत दगडच दाखवत बसले. हे दिसायला बरं नाही, म्हणाला.

मी लहान असताना सुरतेजवळचं आपलं कोसाडचं घर नवं होतं. तुम्ही दिवसभर सुरतेत शेठलोकांच्या बंगल्यांत फरश्या बसवायचात आणि माय घरी शेणाने ओटा सारवायची, गावाकडे सारवायची तशीच. एका शेठने उरलेला संगमरवर नेऊ दिला, तेव्हा तुम्ही तो घरात न लावता बाहेरच्या ओट्यावर लावलात, कारण तिचा सगळा दिवस तिथेच जायचा. भांडी तिथे, धुणं तिथे, शेजारणींशी बोलणं तिथे. मला दिसतंय, माय वाकून पदराने फरशी पुसते आहे. शेजारणींना चपला खाली काढायला लावते आहे. तुम्ही दारात उभे आहात आणि हसू लपवता आहात.

मग एका सकाळी धुण्याच्या साबणाच्या पाण्यावरून ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ती दवाखान्यात असताना तुम्ही जात्याला लावतात तशी त्या फरशीला टाकी लावलीत, छिन्नीने टोचून खरखरीत केलीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी चहा घेऊन आले तर तुमच्या केसांवर पांढरी भुकटी होती. तुम्ही चहा घेतला नाहीत.

मायला रिक्षातून उतरवलं. ती ओट्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. दवाखान्यात रडली नव्हती, ती तिथे रडली, फरशी का फोडली म्हणून.

“पाय मोडना ते मोडना, फरशी काब्र फोडी?”

“परत पडशी तू,” एवढंच तुम्ही म्हणालात.

ती पुन्हा कधी घसरली नाही, आबा. काठी टेकत त्याच ओट्यावरून येत-जात राहिली. पण पदराने तिने तो पुन्हा पुसला नाही आणि शेजारणींना तिथे बसवलंही नाही. संध्याकाळी तुम्ही एकटेच तिथे बसायचात. पुढे तुम्ही गेलात, मग ती गेली. त्या ओट्याबद्दल तुम्ही दोघं परत बोललात का, मला माहीत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. लोकांच्या घरातल्या फरश्या मी ठरवते. माझ्या स्वतःच्या घरात इतक्या वर्षांनीही नुसता सिमेंटचा कोबा आहे. येणारे कौतुक करतात, हल्लीची पद्धत दिसते म्हणतात. मी हो म्हणते. खरं तर मला ठरवताच आलेलं नाही.