गोगलगाय छापाची पुस्तकं

रविवार, १२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, कान धरते. तुझा गुडघा कसा आहे? जिना टाळतेस ना? आमच्याकडे सासूबाईंचा खोकला एकदाचा गेला. माझी तब्येत उत्तम.

तू विचारलंयस, माहेरी कधी येतेस आणि जावईबापू काय म्हणतात. सांगते. आधी गोगलगायीचं सांगू दे, पोटात मावत नाहीये.

सासूबाई इतकी वर्षं जुनी पुस्तकं जमवतात हे तुला ठाऊक आहे. पण त्या कुणाची जमवतात हे मलाही लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. शंभरएक वर्षांपूर्वी एक मास्तर होते. मुलांना नको ते प्रश्न विचारायला शिकवतात म्हणून शाळेनं त्यांना घरी बसवलं. मास्तरांनी पुढच्या खोलीत हातानं चालवायचं छापयंत्र आणून ठेवलं आणि तळहाताएवढी पुस्तकं काढायला लागले. घड्याळ कसं दुरुस्त करावं, तारे कसे ओळखावेत, मधमाश्या कशा पाळाव्यात, अर्ज कसा लिहावा. मध्येच एखादं कवितांचंही. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर गोगलगायीचं चित्र. लोक हसले, तर पुढच्या पुस्तकात त्यांनी चित्राखाली छापलं, ‘घर पाठीवर आहे, घाई कशाला?’

यंत्र मास्तर चालवत. पण खिळे जुळवायची, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळीत बसवायची, ती त्यांची बायको. एका प्रस्तावनेत मास्तर लिहितात, ‘चूक आढळल्यास ती लेखकाची समजावी. अक्षरे घरातून जुळवली आहेत, तेथे चूक होत नाही.’ बायकोचं नाव छापायची सोय नव्हती, पण कौतुक काही लपलं नाही बघ!

आम्ही दोघी गेले काही महिने या सगळ्या पुस्तकांची सूची करतोय. सासूबाईंनी जन्मभर भूमिती शिकवलेली. पट्टी लावून पुस्तक मोजतात, पानं तपासतात, मला मजकूर सांगतात आणि मी लिहिते. प्रत्येक नोंदीत त्या न चुकता घालायला लावतात, ‘अक्षरजुळणी: प्रकाशकाची पत्नी’. परवा मधमाश्यांच्या पुस्तकात मला एक ‘म’ उलटा बसलेला दिसला. म्हटलं, आता या हिरमुसणार. तर टाळी वाजवून म्हणाल्या, “वा! म्हणजे माणूसच होती. मी आपली उगाच दबून होते.”

एक पुस्तक मात्र कुठेच मिळत नव्हतं. ‘मुलींनो, पोहायला शिका’. इतर पुस्तकांच्या पाठीवर त्याची जाहिरात दिसायची, पुस्तक नाही. सासूबाई म्हणायच्या, त्या काळात असलं पुस्तक काढायला छाती लागते. शेवटी ते सापडलं एका दातांच्या डॉक्टरांकडे! माझी दाढ दाखवायला गेलो होतो. सासूबाईंना कुठेही गेलं तरी पुस्तकांचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर हातातलं काम थांबवून म्हणाले, “गोगलगाय? ते आईचं आहे माझ्याकडे. विकणार नाही हं.”

“विकूच नका,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त बघू द्या.”

डॉक्टरांनी ते आतून कापडात गुंडाळून आणलं. पानं पाण्यानं फुगलेली होती. त्यांची आई ते नदीच्या काठावर उघडं ठेवून, एकेक पान वाचून पाण्यात उतरायची म्हणे. पुढे तिनं गावातल्या कितीतरी पोरींना पोहायला शिकवलं. सासूबाईंनी पट्टी काढली आणि माझ्याच हातात दिली, मापं मी घेतली. त्या नुसत्या त्या फुगलेल्या पानांवरून बोटं फिरवत राहिल्या. माझी दाढ दुखायची थांबली होती, की मी विसरले होते, देव जाणे.

आता तुझा प्रश्न. ताई, तो इथे राहत नाही. दिवाळखोरी नाही, व्यसन नाही, दुसरी कुणी असल्याचंही ऐकिवात नाही. त्याला मी नकोय, एवढंच. गेल्या उन्हाळ्यातच बदली मागून घेऊन गेला. तुला कळवायला धीर होत नव्हता. तू रडशील आणि तुला समजावता समजावता मी रडेन, म्हणून.

गेल्या महिन्यात तो आला होता. मी टेबलाशी सूचीच्या चिठ्ठ्या चिकटवत होते, हात खळीनं बरबटलेले. माझ्यादेखत आईला म्हणाला, “तू माझ्याकडे चल. घर भाड्यानं देऊ. हिला हिच्या माहेरचे नेतील.”

मी तशीच चिठ्ठी चिकटवत राहिले. तुझ्याकडच्या मधल्या खोलीत माझी कॉट कुठे बसेल, हेसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, “माझं सूचीचं अजून ‘प’पर्यंतच झालंय. आणि अक्षर हिचं चांगलं आहे.”

“आई, मी गंभीरपणे बोलतोय.”

“मीही. तू माझा मुलगा आहेस, केव्हाही ये. येताना बेल वाजव. हे आता आम्हा दोघींचं घर आहे.”

तो गेल्यावर त्या स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभ्या होत्या. मी आत गेले नाही. पोटचं पोर आहे शेवटी. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, आणि म्हणाल्या, “घे, ‘फ’ घे.”

तू मला न्यायला निघशील, मला माहीत आहे. न्यायला नको, राहायला ये. चार दिवस ये आणि या बाईला जवळून बघ.

काल सूची संपली. विद्यापीठाचं ग्रंथालय ती छापणार आहे. सासूबाईंनी पहिलं पान स्वतःच लिहायला घेतलं आणि माझ्या नावापाशी थांबल्या. “आमचं आडनाव ठेवतेस की माहेरचं लावतेस? तुला हवं ते लाव. राहायचं इथेच.”

अजून ठरवलं नाहीये. सावकाश ठरवीन.

तुझी धाकटी,
घरून.