मोहाखालची झाडलेली जागा

प्रिय आजी,

हे पत्र तुला आहे, पण आज विहारात मी ते मोठ्यानं वाचणार आहे. समोर गावातल्या बाया असतील. सासू-सासऱ्यांचं, आईबापाचं हगणंमुतणं काढलेल्या, आणि वाटणीची बैठक बसली की चहा ठेवायला आत पाठवलेल्या. शेवंताआत्या सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसेल. तुझी ही लेक आजवर कधी पुढे बसली आहे का?

तू पौषात गेलीस. आता फाल्गुन लागला, मोहाची पानं गळाली. आठ दिवसांत फुलं पडू लागतील. म्हणून आजच लिहिते. नंतर लिहून काय उपयोग?

दोन वर्षं तू खाटेवर होतीस. आपला जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी गावोगावच्या सभांत ओरडून सांगितलं होतं, आता दवाखाना दाराशी येईल. आला नाही. तुझ्या पाठीच्या जखमा आत्याच कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायची, आणि शिव्याही तीच खायची! शेवटी तर तू तिला ओळखेनाशी झालीस. "हे बाई कोन होय वं? हाकल इले!" आत्या म्हणायची, "जातो ना मी. पयले पेज खाय."

मी वरोऱ्याला मास्तरीण. महिन्यातून एकदा एसटीनं यायचे. शुद्धीत असलीस की हसायचीस. "आला माया भोंगा! बोल वं बाई, बोल. पन बोलता बोलता मले कुशीवर कर." मला ते कधी जमलं नाही. हाक आत्यालाच मारावी लागायची.

आणि माझी ती चूक! जंगलाच्या काठची तुझी पाच मोहाची झाडं कुठल्याच सातबाऱ्यावर नाहीत. पण गावाचा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: फुलं पडण्याआधी ज्याचा खराटा झाडाखाली फिरला, फुलं त्याची. नवऱ्यानं टाकलेल्या आत्याचं वर्ष ती वाळलेली फुलं विकून निघायचं. तूच म्हणायचीस, "वावर लेकाचं, मोह शेवंताचा."

मागच्या फाल्गुनात तिला तुझ्या खाटेपासून हलता येईना. मी सुट्टीवर होते. म्हटलं, हिचं एवढं काम तरी करू. पाचही झाडांखालचा पाला ओढला, जाळला, जागा लख्ख झाडली. फुलं वेचून तिच्याच अंगणात वाळत घातली. किती मिरवले मी तेव्हा!

तू गेल्यावरचं पुण्यानुमोदन झालं आणि वाटणीची बैठक बसली. शिकलेली म्हणून मलाही बसवलं. बाबा म्हणाले, "मागच्या साली खराटा कोनाचा फिरला? माया पोरीचा. मंग झाडं कोनाकडं आली?" पंचांनी माना डोलावल्या. आत्या चहाचे कप घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. एकच वाक्य हवं होतं: मी तिच्यासाठी झाडलं. भरल्या मैदानात न अडखळणारी मी, पण बापासमोर ते वाक्य गिळलं, आणि झाडं त्यांच्याकडे गेली. आत्यानं दिलेला चहा मी खाली मान घालून प्याले!

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "भाषनात तं लय बोलते वं तू."

आता ती लोकांच्या वावरात मिरची तोडायला जाते. तुझ्या जखमा धुतलेल्या हातांची संध्याकाळी आग आग होते.

आजी, तू तरी शुद्धीत असताना पंचांपुढे का नाही बोललीस? मोहाचं खाटेवरून आम्हाला सांगितलंस, लेकाच्या तोंडावर कधी नाही. भ्यायलीस ना? बाबांना तुझं वावर मिळालं, मला तुझी ही भीती मिळाली. मला ती नको आहे.

बायांनो, ऐका. उद्या उजाडताच त्या पाच झाडांपाशी या. खराटा आणू नका. खराटा एकच असेल, शेवंताआत्याचा. तुम्ही फक्त उभ्या राहा आणि डोळे भरून बघा. मग पंचांनी विचारलं, कोणाचा फिरला, तर सगळ्याजणी एका तोंडानं सांगा.

बाबा येतील, आजी. मी वाटेतच उभी असेन. ते राहिलेलं वाक्य उद्या त्यांच्या तोंडावर बोलेन. आवाज फाटला तरी बोलेन.

तुझा भोंगा,
कमल