चार नंबरचं छप्पर

प्रिय उस्ताद,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडता खिडकीत ठेवून देशील, दोन दिवस तिकडे बघणारही नाहीस, आणि मग वहिनी कामात आहेत असं पाहून हळूच उघडशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तंत्रशाळेत एका बाकावर चार वर्षं आणि कारखान्यात एका टेबलावर चौदा वर्षं काढली आहेत आपण. ज्यावरून तू मला हाक मारायचास तो चष्मा आता आणखी जाड झालाय. सध्या एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहतो. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे थंडीत बरं पडतं. जवळच्या कॉलेजातले सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून देतो. विद्यार्थी भिंगांना बोटं लावून ठेवतात, मी ती पुसतो. हल्ली तेवढंच झेपतं.

परवा एक भिंग पुसताना त्याची कड उतरलेली दिसली आणि तू डोळ्यांसमोर आलास. त्या उतरलेल्या कडेने आपल्याला किती छळलं होतं! पॉलिश करताना कडेची काच मधल्या काचेपेक्षा जास्त घासली जायची, आणि मग चित्रात प्रत्येक उजळ गोष्टीभोवती धूर पसरल्यासारखा दिसायचा. आख्ख्या शहरात कुणाकडे त्यावर इलाज नव्हता. तू भिंगाभोवती त्याच काचेचे तुकडे मेणाने चिकटवून एक कडं तयार केलंस. जादा झीज त्या तुकड्यांनी सोसली आणि भिंगाची कड शाबूत राहिली. तीन महिने मी तुझी टिंगल केली. शेवटी चाचणीच्या काचेखाली रंगाच्या रेघा कडेपर्यंत सरळ आल्या, तेव्हा माझं तोंड बंद झालं. तू नुसते हात पुसलेस आणि चहा सांगितलास. तुझी भिंगरी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. शाळा सुटली की थेट कारखान्यात यायची आणि बाद झालेल्या भिंगातून सगळ्यांच्या नाकपुड्या बघत हिंडायची. एका जागी ठरत नाही म्हणून ते नाव मीच ठेवलं होतं. वहिनींना आवडलं नव्हतं, पण शाळेच्या दाखल्याबाहेर दुसरं नाव तिला कधी चिकटलंच नाही.

खरेदीवाले साहेब आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. केवढ्या मोठ्या देशाचा माणूस, पण आपल्या स्टुलावर बसला, आपल्या फुटक्या कपातून चहा प्यायला. जमीन मोजायच्या उपकरणांसाठी बारा भिंगं हवीत म्हणाला. बारा झाली, मग साठ. मग म्हणाला, आमच्याकडे शेतं एवढी मोठी आहेत की ती वरून, आकाशातून मोजावी लागतात. त्याला खोटं बोलताना मी कधीच पकडलं नाही, उस्ताद. शेतंही मोजायचेच ते. पुढच्या दोन वर्षांत आपल्याला काच पुरवणारी भट्टी त्यांनी विकत घेतली. पॉलिशची पावडर बनवणारा म्हातारा होता, त्याचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. मग त्यांनी मला बोलावलं. त्या माणसांनी आपली एकही गोष्ट चोरली नाही. सगळ्याच्या पावत्या आहेत, सगळ्यांवर आपल्याच लोकांच्या सह्या आहेत.

आपलं भांडण मी विसरलो असेन असं तुला वाटत असेल. तू लेथ पुसत होतास, माझ्याकडे वळलाही नाहीस. एवढंच म्हणालास, "भिंगं विक. हात कशाला विकतोस?" मी म्हणालो की तुझ्या पोटात दुखतंय, तुला बोलावलं नाही म्हणून. खरं म्हणजे त्यांनी आधी तुलाच विचारलं होतं आणि तू नाही म्हणाला होतास. हे मला तिकडे गेल्यावर कळलं. तू ते माझ्यापाशी कधीच बोलला नाहीस.

तिथला कारखाना तू पाहिला असतास तर तुझीही बोलती बंद झाली असती. जमिनीत हादरा नाही, हवेत धुळीचा कण नाही. सकाळी पांढरे डगले घालून आत जायचं. माझ्या शेजारच्या खोलीत एक घड्याळजी होता, त्यापुढे बॅटरीवाला, त्यापुढे बारीक तारा जोडणारी एक बाई. एकेक जण एकेका देशातून आलेला, प्रत्येकाच्या मागे असाच कुणीतरी साहेब फुटक्या कपातून चहा पिऊन गेलेला. आम्हाला एकमेकांच्या खोलीत जायची परवानगी नव्हती. जेवणाच्या टेबलावर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. सगळं मिळून काय तयार होतंय हे कुणी विचारत नव्हतं आणि प्रत्येकाला साधारण ठाऊक होतं. तुझं ते काचेचं कडं मी तिथे शिकवलं. माझी युक्ती म्हणून शिकवलं. त्याबद्दल मला वरची जागा मिळाली. तुला काच मिळेनाशी झाली आणि तू चष्म्याच्या दुकानाला भिंगं घासून द्यायला लागलास, हे मला त्याच सुमारास कळलं. मी लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

भिंगरी मात्र लिहायची. तुझ्या नकळत असेल, किंवा तू कानाडोळा करत असशील. टेलिफोन खात्यात लागली तेव्हा तिने चार पानी पत्र पाठवलं. नवं एक्स्चेंज बसलंय, सगळी यंत्रं तुमच्याच देशाची आहेत काका, असं लिहिलं होतं. 'तुमच्याच' हा शब्द मला टोचला. ती यंत्रं जवळजवळ फुकट दिली होती आणि दहा वर्षांची देखभाल वर मोफत. दर महिन्याला त्यांचेच तंत्रज्ञ येऊन तपासून जायचे. पुढे वर्षभराने तिचं दुसरं पत्र आलं, ते आखूड होतं. एका कपाटाची किल्ली खात्यात कुणाकडेच नाही, तिने लिहिलं होतं, आणि जितकी बोलणी यंत्रात येतात त्यापेक्षा जास्त बाहेर जातात. हिशेब जुळत नाही. तुम्ही तिकडे आहात, तुम्हाला काही ठाऊक आहे का? मी उत्तर दिलं की मोठ्या यंत्रात असं होतंच, तू नवी आहेस, वरिष्ठांचं ऐक. तिने माझं ऐकलं नाही. तुझी मुलगी ती. तीन महिने आकडे मांडून तिने अहवाल लिहिला, तो वरपर्यंत गेला, आणि ती यंत्रं काढून टाकायचं ठरलं, हे मला तिकडच्या साहेबांच्या बोलण्यातून कळलं. तिने हे घरी सांगितलं नसणार, कारण गुप्त ठेवायला सांगितलं होतं. म्हणून मी सांगतो. आख्ख्या देशाच्या बोलण्याला कुणीतरी कान लावून बसलंय, हे तुझ्या पोरीने एकटीने शोधून काढलं. तुला माहीत असायला हवं.

त्यानंतर दोन्ही देशांत कुरबुर सुरू झाली हे तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. आमच्याकडे काम एकदम वाढलं. एका सोमवारी मला फोटोंच्या खोलीत बोलावलं. तिथे मी एरवी जात नसे. एका फोटोत थोडा धूसरपणा होता. तो भिंगाचा दोष की कॅमेरा हलल्याचा, एवढंच मी सांगायचं होतं. टेबलावर मोठा फोटो पसरला होता. मी हातभिंग लावून कडेकडून आत येत गेलो. आधी नदीचं वळण दिसलं. मग बसस्टँड. मग आपली गल्ली. तुझ्या गच्चीवर दोरी होती, दोरीवर कपडे होते, उस्ताद. चादर कुठली आणि सदरा कुठला हे सांगता येत होतं. फोटोवर लाल पेन्सिलीने काही जागांना आकडे घातले होते. एक नंबर रेल्वेचा पूल, दोन आणि तीन पेट्रोलच्या टाक्या. चार नंबरच्या छपरावर दोन गोल पाण्याच्या टाक्या होत्या आणि मध्ये उंच मनोरा. ते टेलिफोनचं ऑफिस होतं. आकडे कशाचे आहेत असं मी विचारलं. खोलीतला अधिकारी सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "तुम्ही फक्त धूसरपणाचं सांगा." मी सांगितलं, भिंगात दोष नाही, कॅमेरा हललाय. आणि मी सही केली.

मी स्वतःची समजूत घातली की मोजणीचे आकडे असतील. दोन दिवस ती पुरली. मग पुरेना. पहिल्या दिवशी कामाला लागताना मी एका कागदावर सही केली होती, त्यात बोलणाऱ्याला काय शिक्षा होते ते स्वच्छ लिहिलं होतं. तुरुंगाची भीती वाटली, हे खरं आहे. पण त्याहून लाजिरवाणं खरं असं की मला माझी खोली, माझं टेबल, तो पांढरा डगला सुटायला नको होता. नवव्या दिवशी दुपारी मी तुला फोन केला. तुला आठवत असेल. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तू 'हॅलो' म्हणालास आणि मी कोण ते सांगायच्या आधीच ओळखलंस. तब्येत विचारलीस. मी म्हणालो, ठीक. मी तुझी विचारली. मागे भिंगरी कुणाशी तरी हसत होती, सुट्टी असावी तिची. तू म्हणालास, "काही काम होतं का?" आणि मी म्हणालो, "नाही रे, सहज." तू थोडा वेळ थांबलास. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होतास, ते मला कळत होतं. मग तू म्हणालास, बरं, करत जा अधूनमधून. मी फोन ठेवला.

अकराव्या दिवशी सकाळी सव्वादहाला पहिला हल्ला झाला. पूल, टाक्या आणि टेलिफोनचं ऑफिस. लढाई नऊ दिवस चालली आणि मग दोन्हीकडच्या लोकांनी हात मिळवून फोटो काढले. मेलेल्यांची यादी मी तिकडच्या वाचनालयात वाचली. तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव छापलं होतं, म्हणून क्षणभर ओळखलं नाही. त्यानंतरही मी त्या कारखान्यात दोन वर्षं काम केलं. राजीनामा दिला असता तर तुला सांगायला काहीतरी उरलं असतं, पण मी दिला नाही. डोळे थकले म्हणून त्यांनीच मला सोडलं, निरोपाला चहा दिला.

आता हे सगळं सात वर्षांनी का लिहितोय ते सांगतो. गेल्या आठवड्यात वहिनींचं पत्र आलं. माझा पत्ता त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. त्यांनी लिहिलंय की तू जेवणावरून उठून जातोस, स्कूटर विकू देत नाहीस आणि चालवतही नाहीस, आणि रोज एकच वाक्य बोलतोस. त्या सकाळी तिच्या अंगात ताप होता, ती रजा टाकणार होती, आणि तू म्हणालास की लोकांचे फोन अडतील, थोडा वेळ जाऊन ये, आणि तिला स्वतः स्कूटरवरून ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडून आलास. 'मीच तिला तिथे नेऊन घातलं,' असं तू म्हणतोस. वहिनींनी मला विनवलंय की तुमचा मित्र आहे, तुमचं ऐकेल, त्याला दोन शब्द समजुतीचे लिहा. त्यांना काहीच ठाऊक नाही. उस्ताद, समजुतीचे शब्द माझ्यापाशी नाहीत, जे घडलं तेवढंच आहे. तू तिला एका सरकारी कचेरीत कामाला सोडलंस, जसं कुठलाही बाप सोडेल. त्या छपरावर चार नंबर लिहिलाय हे तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि तू फोनवर थांबला होतास. हे पत्र वहिनींनाही वाचून दाखव. पुढे त्याचं काय करायचं, कुणाला दाखवायचं, ते तू ठरव. खाली माझा पूर्ण पत्ता लिहिला आहे आणि मी इथून कुठे जाणार नाही. फक्त आज ताटावरून उठू नकोस.

तुझाच,
चष्म्या